भरून पाठवलेले कप्पे

धुळ्याच्या कार्यालयातील सर्व्हरमधून दोन कप्पे बाहेर काढून झाल्यावर लोटनभाऊ बोरसे यांनी ते मऊ कापडाने पुसले, टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि समाधानाने मान डोलावली. कापसाचा हंगाम आटोपला होता. कप्पे जळगावचे होते आणि जळगावला परत जावयाचे होते. उसनी आणलेली वस्तू वेळेवर व धड स्थितीत परत करणारा मनुष्य स्वतःविषयी जे मत बाळगतो, तेच मत त्या क्षणी लोटनभाऊ बाळगून होते.

तापी-पांझरा शेतमाल संघाची कार्यालये दोन. धुळ्याचे कार्यालय कापूस पाहते, जळगावचे केळी पाहते. दोन्ही ठिकाणी एकाच जातीचा सर्व्हर आहे. हा सर्व्हर म्हणजे कप्प्यांचे लोखंडी कपाटच होय. त्यातील प्रत्येक कप्पा हा स्वतः एक परिपूर्ण संगणक असतो. परंतु दोन कप्पे जोडले की दोघे मिळून एक होतात आणि चार जोडले की चौघे मिळून एक होतात. काम वाढले की कप्पे वाढवावेत, काम ओसरले की काढून घ्यावेत, अशी त्याची रचना आहे. धुळ्याचे कप्पे दोन आणि जळगावचे चार. यंदा प्रथमच असे ठरले होते की, दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जळगावचे दोन कप्पे धुळ्याला यावेत आणि उन्हाळ्यात केळीची कापणी भरात आली की ते परत जावेत.

आता जळगावचा सर्व्हर ज्यांच्या ताब्यात होता, ते सुकदेव नाना साळुंखे हे लोटनभाऊंचे होणारे व्याही होते. लोटनभाऊंची मुलगी मयुरी आणि नानांचा मुलगा नवीन यांचे जमले होते. येत्या रविवारी साखरपुडा होता. कप्पे धुळ्याला आले त्याच दिवशी लोटनभाऊ मुलगा पाहण्यासाठी जळगावला गेले होते. त्यामुळे ते जोडण्याचे काम सर्व्हरच्या कंपनीतील अभियंता ममताताईंनी एकट्यानेच उरकले होते. त्याच बैठकीत सुकदेव नानांनी पंचांसमक्ष उभे राहून सांगितले होते, "आम्हाला मुलगी आणि नारळ. त्याच्यावर सुपारीचं खांडसुद्धा नको. न घेणं, न देणं." या वाक्याचे मोबाइलवर चित्रण झाले आणि ते दोन्ही जिल्ह्यांतील नातलगांत इतके फिरले की, नानांना रस्त्यात अनोळखी माणसेही नमस्कार करू लागली.

दुपारी जेवावयास घरी आल्यावर लोटनभाऊंनी सहज सांगितले, की उद्या संघाच्या टेम्पोने कप्पे जळगावला जाणार.

त्यांच्या मातोश्री धुरपदाबाई ओट्यावर बसून बिबडे उन्हात घालीत होत्या. त्यांनी हातातला बिबडा तसाच धरला.

"व्याहीना घरनी वस्तू शे ना ती?"

"हा माय."

"मंग त्यामा काय घाली धाडस?"

"काय घालू? तो सर्व्हर शे, पातेलं नही."

"कोनतंबी राहो. सोयरासनी वस्तू रिकामी धाडानी नही ऱ्हास," धुरपदाबाई म्हणाल्या. "बिबडा टाक खोकामा. कोरडा शेतस, काही सांडाव नही."

लोटनभाऊंच्या पत्नी सुनिताबाई यांनी आतून दुजोरा दिला. "अहो, डबा भरून देते मी. खोक्यात जागा आहे म्हणता ना?"

लोटनभाऊ हसले. पुण्यात जाऊन सर्व्हरचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला आणि त्याचे प्रमाणपत्र काचेत बसवून बैठकीत लावलेला हा गृहस्थ, इतक्या मोलाच्या यंत्राबरोबर ज्वारीचे पापड पाठविणार होता काय? तरीही आईचा मुद्दा त्यांना मनोमन पटला होता. शेजारणीकडून आलेली वाटी साखरेच्या दाण्याशिवाय परत गेलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. रीत खरी होती. मात्र वस्तू जशी, तसा त्यातला ऐवज असावा, असे त्यांचे मत पडले.

"माय, मी करस बरोबर," ते हात धुता धुता म्हणाले. "रिकामं नही धाडाव."

कार्यालयात परतताच त्यांनी एक कप्पा उघडला. कप्प्याच्या पोटात रॅमच्या पट्ट्या ओळीने उभ्या होत्या. हीच संगणकाची स्मरणशक्ती. ओळीत काही खाचा मोकळ्या होत्या. त्या पाहताच लोटनभाऊंना मार्ग दिसला. कपाटाच्या खालच्या खणात अशाच चार पट्ट्या चकचकीत पिशवीत पडून असल्याचे त्यांनी हंगामात अनेकदा पाहिले होते. त्या कोणी ठेवल्या, हे त्यांच्या स्मरणात नव्हते. परंतु कपाट त्यांच्या ताब्यातले, म्हणजे पट्ट्याही त्यांच्याच ताब्यातल्या. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात बारीकसा लाल ठिपका होता. कंपनीने तपासून पसंत केलेल्या मालाची ती खूण असणार, हे त्यांनी तात्काळ ओळखले.

त्यांनी दोन पट्ट्या एका कप्प्यात आणि दोन दुसऱ्यात बसविल्या. झाकणे लावली. खोके बांधले. व्याह्यांचे कप्पे आले त्याहून अधिक स्मरणशक्ती घेऊन परत निघाले होते. एवढी शोभिवंत परतफेड खान्देशात आजवर कोणी केली नसेल, या विचाराने त्यांना सायंकाळचा चहा विशेष गोड लागला.

बुधवारी सकाळी फोन वाजला.

"लोटनभाऊ, कप्पे जोडले, आणि सर्व्हर उठतच नाहीये," सुकदेव नाना म्हणाले. आवाजात काळजी होती, राग नव्हता. "कालपर्यंत दोन कप्प्यांवर कुरकुरत का होईना, पण चालत होता. आता चार झाले तर साफ बसला. वजनाच्या पावत्या निघत नाहीत. केळीचे ट्रक रांगेत उभे आहेत."

लोटनभाऊंना ही बातमी ऐकून वाईट वाटले. पण त्याहीपेक्षा, नानांनी अजून आत पाहिलेले दिसत नाही, याचे अधिक वाटले.

"नाना, आत काही दिसलं का?"

"आत म्हणजे?"

"कप्प्यात. उघडून बघा तर."

"अहो, ट्रक उभे आहेत आणि उघडून काय बघू? सरळ सांगा."

मग लोटनभाऊंनी सरळ सांगितले. शक्य तितक्या विनयाने सांगितले. "काही विशेष नाही नाना. आपल्या माणसांची वस्तू रिकामी कशी पाठवायची? म्हणून चार पट्ट्या घातल्या आमच्याकडून. मयुरीच्या घरून समजा."

पलीकडे शांतता पसरली. लोटनभाऊंना वाटले, नाना सद्गदित झाले असावेत. वस्तुस्थिती निराळी होती. नानांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि त्या खोलीत संघाचे कर्मचारी, ट्रकवाले व पावतीसाठी आलेले पाच-सात शेतकरी उभे होते. वजनकाट्यावरचा नवल हा त्यांत सर्वांत पुढे होता.

"नाना," नवल म्हणाला, आणि ते धुळ्यापर्यंत स्पष्ट ऐकू आले, "तुम्ही मुलगी आणि नारळ म्हणाला होतात. मग या पट्ट्या नारळात धरायच्या, का मुलीत?"

खोलीत जो हशा पिकला, तो फोनमध्ये मावला नाही.

"लोटनभाऊ," हशा ओसरल्यावर सुकदेव नाना सावकाश म्हणाले, "चार माणसांत मी शब्द दिला होता. तुम्ही मला न विचारता माझ्याच मशीनमध्ये हुंडा घालून पाठवला."

"नाना, हुंडा कसला? ही तर वाटीतली साखर."

"साखरेनं सर्व्हर बंद पडतो का?"

एवढे बोलून नानांनी फोन ठेवला आणि संतापाच्या भरात एक कृती केली. त्यांनी ते दोन्ही कप्पे हिसडून बाहेर ओढले. त्यांचा हिशेब सोपा होता. कप्पे घातल्यावर सर्व्हर बसला, तेव्हा काढल्यावर उठेल. परंतु सर्व्हर उठला नाही. उलट त्याच्या कपाळावरचे दिवे तांबडे झाले आणि पडद्यावर असे लिहून आले की, आम्ही चौघे असून दोघे बेपत्ता आहेत. ते सापडेपर्यंत काम होणार नाही.

इकडे लोटनभाऊ पेचात सापडले. जेवणाच्या वेळी सुनिताबाईंच्या मोबाइलवर ताईबाईंचा, म्हणजे सुकदेव नानांच्या पत्नीचा निरोप येऊन पडला. हे फार रागावलेत, म्हणतात रविवारचं नंतर बघू.

सुनिताबाईंनी तो मोठ्याने वाचला आणि मग विचारले, "मंडपवाल्याला काय सांगू? तो आगाऊ घेऊन बसलाय."

मयुरी दारात उभी होती. तिने वडिलांकडे पाहिले. "बाबा, नवीन म्हणतो, त्याच्या घरी सकाळपासून कुणी कुणाशी बोलत नाहीये. तुम्ही नेमकं केलं काय?"

"स्मरणशक्ती वाढवली," लोटनभाऊ म्हणाले.

"कुणाची?"

लोटनभाऊ खचणारे गृहस्थ नव्हते. आपली भावना शुद्ध आहे आणि पट्ट्या तपासलेल्या आहेत, या दोन गोष्टींवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. समक्ष जाऊन समजावले की नाना समजतील, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी संघाची जीप मागवली. धुरपदाबाई न विचारताच पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर बिबड्यांचा डबा होता.

"माय, तू कसाले?"

"तुले सांगेल व्हतं ना मी, बिबडा टाक म्हनीसन? टाकता तर हाई व्हतं का?" धुरपदाबाई म्हणाल्या, आणि पारोळा मागे पडेपर्यंत त्यांनी दुसरे वाक्य उच्चारले नाही. एरंडोलला जीप थांबली तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले.

जळगावच्या कार्यालयासमोर केळीच्या ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. हिरव्या घडांवर ऊन तापत होते. ट्रकवाले सावलीत पत्ते खेळत होते आणि शेतकरी घडांवर ओले गोणपाट टाकीत होते. केळ कोणाच्या मानापमानासाठी थांबत नाही. ते आपले पिकत राहते. लोटनभाऊ जीपमधून उतरले तेव्हा रांगेतून कोणीतरी म्हणाले, "हे पाहा, पट्टीवाले सोयरे आले," आणि पत्त्यांचा डाव क्षणभर थांबला.

सर्व्हरच्या खोलीत ममताताई आधीच येऊन पोहोचल्या होत्या. ही कंपनीची अभियंता मुलगी नाशिकहून दोन्ही जिल्हे सांभाळीत असे आणि तिच्या चेहऱ्यावर सांभाळण्याचे कष्ट दिसत. ताईबाई कोपऱ्यात चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांना घरी राहवले नव्हते. धुरपदाबाई थेट त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि डबा त्यांच्या हाती दिला. त्या दोघींमधले सर्व व्यवहार तेथेच, एका शब्दाशिवाय, सुरळीत झाले.

पुरुषांचे तसे झाले नाही.

"सोपं आहे," ममताताई सांगू लागल्या. "हे चार कप्पे म्हणजे एक पंगत आहे असं समजा. पंगतीत सगळ्या पानांवर सारखंच वाढलेलं लागतं. दोन पानांवर जास्त लाडू आहेत आणि दोन पानांवर कमी, म्हणून पंगत जेवायला बसेना. त्यात नानांनी दोघांना न सांगता ओढून उठवलं. त्याला आधी सांगावं लागतं की आता हे दोघे उठणार, मग तो त्यांच्या ताटातलं काम इतरांना वाटून देतो, मग उठवायचं. आता मी ते सगळं निस्तरते. फक्त ठरवा. या चार पट्ट्या काढायच्या, का इतर दोन कप्प्यांत आणखी चार घालायच्या?"

"काढायच्या," सुकदेव नाना म्हणाले. "आणि यांना परत द्यायच्या."

"काढा हवं तर," लोटनभाऊ म्हणाले. "पण परत घेणार नाही. दिलेलं परत घेणं आमच्या घरात नाही."

"ठेवून घेणं आमच्या घरात नाही."

"मग असू द्या इथंच टेबलावर."

"माझ्या टेबलावर? उद्या नवल सगळ्या गावाला दाखवत फिरेल, की हा पाहा हुंडा."

"मी नाही फिरणार," दारातून नवल म्हणाला. "लोक इथंच येऊन बघतील."

ममताताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "दोन्ही कपाटं संघाचीच आहेत ना?"

या प्रश्नाकडे दोघांनीही दुर्लक्ष केले. तो तांत्रिक प्रश्न होता.

"मग ट्रक इथंच पिकवायचे का?" असे म्हणून ममताताईंनी कोणाच्याही निर्णयाची वाट न पाहता कप्पा उघडला, पहिली पट्टी अलगद ओढली आणि प्रकाशात धरली. "हा लाल ठिपका कसला?"

येथे आपल्या ज्ञानाची गरज आहे, हे लोटनभाऊंनी ओळखले. ते एक पाऊल पुढे झाले. "ती कंपनीची खूण. पसंत केलेला माल. नाना, तुम्हीच पाहा, मी काही ऐरागैरा माल घातलेला नाही. चारही पट्ट्यांवर खूण आहे."

सुकदेव नानांनी पट्टी हातात घेतली. चष्मा वर केला. ठिपक्याकडे पाहिले. मग चष्मा खाली केला आणि पुन्हा पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कोठेतरी निघून गेला आणि त्या जागी काय आले, हे लोटनभाऊंना नीट कळले नाही.

"बरं," नाना हळूच म्हणाले. "असू द्या. माल चांगला आहे. विषय संपवू."

इतक्या लवकर समजूत पटेल अशी लोटनभाऊंचीही अपेक्षा नव्हती. ते प्रसन्न झाले. "बघा. मी म्हणालोच होतो, एकदा समक्ष पाहिलं की नाना समजतील."

"हो, हो. समजलं," नाना म्हणाले आणि पट्टी घाईने खिशात घालू लागले.

तेवढ्यात ताईबाई चहाचे कप घेऊन पुढे आल्या. नवऱ्याच्या हातातली वस्तू पाहून त्या थबकल्या.

"अहो, हे तर मी लावलेलं कुंकू," त्या म्हणाल्या. "हाताची करंगळी तुपात बुडवून लावलं होतं, पडू नये म्हणून. दिवाळीच्या वेळी तुम्हीच नाही का म्हणालात, होणाऱ्या सोयऱ्यांकडे पहिल्यांदाच वस्तू जातेय, रिकामी कशी पाठवू? म्हणून तुम्ही आपल्याकडच्या पडून असलेल्या चार पट्ट्या आत घातल्या आणि मी त्यांना कुंकू लावलं."

नवल दारातून दोन पावले आत आला.

"म्हणजे," लोटनभाऊ विचार करीत म्हणाले, "या माझ्या कपाटात आल्या कशा?"

"मी ठेवल्या होत्या," ममताताई म्हणाल्या. "कप्पे धुळ्याला आले तेव्हा तिथंही हेच झालं. यांच्यात पट्ट्या जास्त, तुमच्या दोघांत कमी. सर्व्हर उठेना. मी चार काढून घेतल्या आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, मुलगा समोर बसलाय, मी पोहे खातोय, ठेवून द्या कपाटात."

लोटनभाऊंना पोहे आठवले. पोह्यांवर भरपूर शेंगदाणे होते. फोन मात्र आठवला नाही.

"आणि मी," सुकदेव नाना अखेर बोलले, "पूर्ण हंगाम वाट पाहत होतो, की तुम्ही कधीतरी दोन शब्द बोलाल. छान आहेत म्हणाल, कशाला त्रास घेतला म्हणाल. तुमच्याकडून अवाक्षर नाही. मला वाटलं, या माणसाला देण्याची किंमतच नाही."

"पण नाना, तुम्ही तर त्या बैठकीत उभं राहून म्हणालात, न घेणं, न देणं."

"ते दुपारी म्हणालो," नाना म्हणाले. "पट्ट्या सकाळीच घातल्या होत्या."

नवलने तोंड उघडले. ताईबाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला, आणि कप भरलेला असल्यामुळे त्याला तोंड त्याच कामी लावावे लागले.

त्यानंतर ममताताईंनी ठिपकेवाल्या चारही पट्ट्या काढल्या, सर्व्हरला झाल्या प्रकाराची रीतसर कल्पना दिली, बेपत्ता दोघांना कमी केले आणि पुन्हा सन्मानाने पंगतीत बसविले. तांबडे दिवे एकेक करून हिरवे झाले. बाहेर वजनकाट्यावर पावती छापली जाण्याचा कर्कश आवाज आला आणि ट्रकवाल्यांनी पत्ते गोळा केले.

चार पट्ट्या टेबलावर उरल्या. लोटनभाऊंना त्या देता येत नव्हत्या, कारण त्या त्यांच्या नव्हत्या. नानांना त्या घेता येत नव्हत्या, कारण त्यांनी त्या दिलेल्या होत्या. दोघेही बराच वेळ त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत बसले.

धुरपदाबाईंनी बिबड्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि ताईबाईंना विचारले, "मंग ऐतवारनं पक्कं शे ना?"

"पक्कं आहे अक्का," ताईबाई म्हणाल्या. "यांना कोण विचारतंय?"

रविवारी साखरपुडा झाला. नानांनी ठरल्याप्रमाणे नारळ घेतला आणि त्याखेरीज काहीही घेतले नाही. बिबड्यांच्या दोन टोपल्या जळगावच्या गाडीत कशा गेल्या, याची कोणी चौकशी केली नाही. त्याच उन्हाळ्यात लग्न झाले आणि मयुरी जळगावला गेली.

दिवाळी उलटली. कापूस येऊ लागला आणि जळगावचे दोन कप्पे पुन्हा धुळ्याला आले. या वेळी लोटनभाऊ जातीने हजर होते. मागील अनुभवाने शहाणे झाल्यामुळे त्यांनी जोडण्यापूर्वी दोन्ही कप्पे स्वतः उघडून पाहिले. आत जेवढ्या पट्ट्या असावयास हव्यात, तेवढ्याच होत्या. त्यांनी समाधानाने झाकणे लावली. परंतु खरे सांगावयाचे तर मनातून ते किंचित हिरमुसले.

मग त्यांचे लक्ष खोक्याकडे गेले. तळाशी केळीच्या वेफर्सची मोठी पिशवी होती. वर मयुरीच्या अक्षरात आजीसाठी असे लिहिले होते. पिशवी उचलल्यावर तिच्याखाली आणखी एक चकचकीत लहान पिशवी दिसली. तीत चार पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात ताजा लाल ठिपका होता.

लोटनभाऊंनी इकडे तिकडे पाहिले. पिशवी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली, खणाला कुलूप लावले आणि जळगावला फोन केला.

"नाना, कप्पे पोहोचले. उघडून पाहिले. आत काही जास्तीचं नव्हतं."

"नसणारच," सुकदेव नाना पलीकडून ठामपणे म्हणाले. "आम्ही काही देत नाही."